न दाबलेले स्वर : बेस गिटारवर स्तुतिगीताची चाल

मागील अंकात बेस गिटारच्या तारा सुरात कशा लावाव्यात हे सांगताना हार्मोनिक्सचा, म्हणजे तार न दाबता तिच्यावर बोट नुसते टेकवून काढलेल्या स्वरांचा, उल्लेख मी ओझरता केला होता. त्या एका वाक्यावरून ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या चार पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे. पुढची तीन त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो आणि आमच्या प्रार्थनासभेच्या वाद्यवृंदात चार वर्षे बेस गिटार वाजवतो. नाताळच्या आधीच्या रविवारी, उपासना सुरू होण्यापूर्वी, ‘अमेझिंग ग्रेस’ या स्तुतिगीताची चाल एकट्या बेसवर आणि तीही केवळ हार्मोनिक्सच्या स्वरांत वाजवावी, अशी माझी इच्छा आहे. आमच्याकडे कीबोर्ड वाजवणारे काका हे गीत पांढरी चार, म्हणजे एफ या पट्टीत घेतात. त्या पट्टीत मला निम्मे स्वर सापडतच नाहीत. बाराव्या, सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरचे (गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरचे) स्वर नीट वाजतात. त्यांच्या अलीकडचे कधी उमटतात, कधी नुसता ‘ठक्’ असा आवाज येतो. हे बेसवर खरोखर शक्य आहे का, की सहा तारांचे गिटार घ्यावे?

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी दुसरे वाद्य विकत घेण्याचे काहीच कारण नाही. बेसची तार लांब आणि वजनदार असल्यामुळे हे स्वर तिच्यावर चांगले ठळक उमटतात आणि बराच वेळ रेंगाळतात. तुमची अडचण बोटांत थोडी आणि पट्टीत फार आहे. पांढरी चार सोडून पांढरी पाच, म्हणजे जी ही पट्टी घ्या. निम्मे काम तिथेच होईल. असे का, हे नीट समजून घेतले तर पुढे कोणतेही गीत निवडताना तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

मोकळी तार छेडली की ती सबंध लांबीने हलते आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही हलत असते. या भागांच्या सांध्यावरचे बिंदू त्या त्या कंपनापुरते स्थिर राहतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. अशा बिंदूवर बोट नुसते टेकवून तार छेडली, तर त्या जागी हलू पाहणारी सगळी कंपने दबतात आणि तो बिंदू ज्यांच्यासाठी मुळातच स्थिर आहे तेवढीच शिल्लक राहतात. तारेचे चार भाग झाले तर मूळ स्वराच्या चौपट, पाच झाले तर पाचपट कंपनसंख्येचा स्वर ऐकू येतो. फ्रेटवर तार दाबून आपण हवा तो स्वर काढू शकतो, इथे मात्र तारेत जे स्वर आहेत तेवढ्यांवरच भागवावे लागते, आणि म्हणून गीताची पट्टी गळ्याच्या नव्हे तर तारांच्या सोयीने ठरवावी लागते.

आता तुमच्या चार तारा पाहू. ई, ए, डी आणि जी या मोकळ्या तारांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ असते. जी तारेचे चार भाग केले की ३९२ हर्ट्झचा जी मिळतो, पाच केले की ४९० चा बी आणि सहा केले की ५८८ चा डी. डी तारेतून चार भागांना २९४ चा डी, पाचांना ३६७ चा एफ शार्प आणि सहांना ४४० चा ए निघतो. ए तारेच्या सहा भागांतून ३३० चा ई मिळतो. या यादीत एफ नाही आणि सी सुद्धा नाही. हे दोन्ही स्वर सापडतात ते तारेचे सात भाग केल्यावर, जी तारेत एफ आणि डी तारेत सी. पण ते कीबोर्डच्या स्वरापेक्षा सुमारे ३१ सेंट उतरलेले असतात. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग, तेव्हा ३१ सेंट म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश अर्धसूर. एवढा फरक संगीत न शिकलेल्या कानालाही खटकतो. पांढरी चार पट्टीत एफ हाच षड्ज आणि सी हाच पंचम. ज्या पट्टीत सा आणि प हेच दोन स्वर धड मिळत नाहीत, तिच्यात तुम्ही चार वर्षे काय, चाळीस वर्षे खटपट केली असती तरी हाती काही लागले नसते.

जी पट्टीत चित्र एकदम पालटते आणि त्याचे निम्मे श्रेय त्या चालीला आहे. गीताचे शब्द जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकाचे. तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान असलेल्या या माणसाने पुढे धर्मसेवा पत्करली, आणि हे शब्द १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात छापले गेले. आज आपण ऐकतो ती चाल मात्र त्यांच्या सोबत जन्मलेली नाही. ‘न्यू ब्रिटन’ या नावाची ही चाल अमेरिकेत विल्यम वॉकर याने १८३५ साली ‘सदर्न हार्मनी’ या पुस्तकात त्या शब्दांना जोडली. ती केवळ पाच स्वरांची आहे : सा, रे, ग, प, ध. आपल्याकडचा कोणीही शिकाऊ गायक हे भूप रागाचे स्वर म्हणून ओळखेल, जरी चलन भूपाचे नाही. मध्यम नाही, निषाद नाही. जी हा षड्ज धरला की मध्यम म्हणजे सी, म्हणजे नेमका तोच उतरलेला, न जुळणारा स्वर. आणि तो या चालीत लागतच नाही. शिवाय चालीचा आवाका खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत, बरोबर एका सप्तकाचा आहे. म्हणजे सगळे मिळून सहा आवाज हवेत : २९४ चा डी, ३३० चा ई, ३९२ चा जी, ४४० चा ए, ४९० चा बी आणि ५८८ चा डी. वरची यादी पुन्हा वाचा. सहाही तिच्यात आहेत.

याहून आनंदाची गोष्ट अशी की हे सहाही स्वर तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटच्या दरम्यान, सात-साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्यात मिळतात. करंगळी (किंवा अनामिका) पाचव्या फ्रेटच्या बरोबर वर, डी आणि जी या दोन्ही तारांवर आडवी ठेवा : डी तारेवर खालचा प, जी तारेवर सा. तर्जनी तिसऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे, तीन तारांवर : ए तारेवर खालचा ध, डी तारेवर रे, जी तारेवर वरचा प. उरला ग, तो मधल्या बोटाने जी तारेवर, चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे. हाताला गळ्यावर कुठेही धाव घ्यावी लागत नाही. पहिली ओळ, स्वराखाली नुक्ता म्हणजे खालचा स्वर असे धरून, ‘प़ – सा – ग – सा – ग – रे – सा – ध़ – प़’ अशी जाते. बोटांच्या भाषेत करंगळी डी तारेवर, करंगळी जी तारेवर, मधले बोट, पुन्हा करंगळी, पुन्हा मधले बोट, तर्जनी डी तारेवर, करंगळी जी तारेवर, तर्जनी ए तारेवर आणि शेवटी करंगळी डी तारेवर. गाताना ‘ग’ नंतर जो निसटता ‘सा’ घेतात तो सुरुवातीला वगळला तरी चालेल. हार्मोनिक्सवर प्रत्येक स्वर नव्याने छेडावा लागतो, त्यामुळे ती गळ्याची हरकत इथे अडखळल्यासारखी ऐकू येते. मी स्वतः ती घेत नाही.

‘किंचित पुढे’ आणि ‘किंचित अलीकडे’ म्हणजे नेमके किती, यातच तुमच्या ‘ठक्’चे मूळ आहे. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसपासून रूढ झालेली तारेची लांबी ३४ इंच आहे आणि बहुतेक बेस आजही त्याच लांबीचे असतात. तुमचा तसाच आहे असे गृहीत धरतो. तारेचा चौथा हिस्सा नटपासून, म्हणजे गळ्याच्या टोकाला जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीपासून, साडेआठ इंचांवर पडतो आणि पाचव्या फ्रेटची धातूची पट्टी जवळजवळ तिथेच आहे. म्हणून तिथला स्वर तुम्हाला विनासायास मिळतो. पाचवा हिस्सा ६.८ इंचांवर येतो, पण चौथी फ्रेट ७ इंचांवर आहे. बोट पट्टीच्या पाच-साडेपाच मिलिमीटर अलीकडे, नटच्या बाजूला हवे. सहावा हिस्सा ५.६७ इंचांवर आणि तिसरी फ्रेट ५.४१ वर, इथे बोट पट्टीच्या साडेसहा मिलिमीटर पुढे, ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, बाजूला. तुम्ही बहुधा बोट फ्रेटच्या पट्टीवरच ठेवत आहात. पाचव्या फ्रेटवर ते चालून जाते, चौथ्यावर नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने गळ्याच्या कडेला, जिथे खुणेचे ठिपके असतात त्या बाजूने, शिंप्याच्या पांढऱ्या खडूने दोन बारीक रेघा ओढल्या होत्या. पहिल्या आठवड्यात तो डोळे त्या रेघांवर खिळवून वाजवत असे. तिसऱ्या आठवड्यात घामाने रेघा पुसल्या गेल्या आणि बोट आपोआप त्याच जागी पडू लागले. तुम्हीही मोजपट्टी घेऊन तसेच करा.

ठाणेकरांना हा हिशेब लक्षात ठेवायला एक गंमत सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचा मार्ग सुमारे ३४ किलोमीटरचा होता. तार ३४ इंचांची. नट म्हणजे ठाणे आणि ब्रिज म्हणजे बोरीबंदर असे धरले, तर तारेचा मध्य कुर्ला आणि विद्याविहारच्या दरम्यान येतो, तिसरा हिस्सा विक्रोळीच्या आसपास, चौथा कांजूरमार्गजवळ आणि पाचवा भांडुपजवळ. आपल्याला भांडुपला उतरायचे असेल तर नाहूरला उतरून चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

उजव्या हाताकडेही तितकेच लक्ष द्या. बेसवादक सवयीने जिथे छेडतो, म्हणजे ब्रिजपासून सहा-सात इंचांवर, तिथेच नेमके पाच आणि सहा भागांच्या कंपनांचे निस्पंद बिंदू असतात. जिथे तार त्या कंपनात हलतच नाही, तिथे छेडून ते कंपन सुरू कसे होणार? ब्रिजपासून साधारण तीन इंचांवर छेडा. तिथे चार, पाच आणि सहा भागांची कंपने सगळीच जोमाने सुरू होतात. बोट टेकवताना तार फ्रेटला लागता कामा नये. पिकलेल्या चिकूची साल चाचपावी एवढाच दाब पुरे. छेडल्याच्या क्षणी बोट उचला, कारण रेंगाळलेले बोट स्वर मारते आणि घाईने आधीच उचललेले बोट मोकळ्या तारेचा घुमारा सोडते. तीन तारांवर स्वर विखुरलेले असल्यामुळे मागचा स्वर पुढच्याखाली वाजत राहतो. जी तारेवरचे सा, ग आणि वरचा प एकमेकांना आपसूक थांबवतात. पण डी तारेवरचा रे पुढच्या सा खाली रेंगाळतो, तेव्हा रिकामे झालेले बोट त्या तारेवर हलकेच टेकवून त्याला विराम द्या. ई तार तर संपूर्ण चालीत लागतच नाही. उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर ठेवून द्या.

अँप्लिफायरबाबत माझी एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वाशीतल्या एका सभागृहात मी अशीच एक चाल वाजवली. हार्मोनिक्सचा आवाज मुळात दाबून वाजवलेल्या स्वरापेक्षा लहान, म्हणून मी आवाजाची कळ वाढवत गेलो आणि अँप्लिफायरवरची बेसची, म्हणजे खर्जाची, कळ नेहमीप्रमाणे वर चढवलेलीच ठेवली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मोठ्या बहिणीने नंतर सांगितले की तिला केवळ ‘घूंऽऽ’ ऐकू येत होते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, तेव्हा सदोष जोडणीतून येणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास असते, आणि मी तिलाच पोसत होतो. तुमच्या चालीतला सर्वांत खालचा स्वर २९४ हर्ट्झचा आहे. त्याच्या खालचे काहीही तुम्हाला नको आहे, म्हणून बेसची कळ निःसंकोच शून्यावर आणा, मधली आणि ट्रेबल वाढवा, वाद्यावरची टोनची कळ पूर्ण उघडी ठेवा आणि दोन पिकअप (तारांखाली बसवलेले, कंपने टिपणारे भाग) असतील तर ब्रिजजवळचाच चालू ठेवा. पिकअप जर एखाद्या कंपनाच्या निस्पंद बिंदूखाली असेल, तर त्यालाही तो स्वर जवळजवळ ऐकू येत नाही. ब्रिजच्या जितके जवळ जाल तितका हा धोका कमी.

राहिले काका. त्यांच्या कीबोर्डवर ट्रान्सपोजची कळ असेलच. ती अधिक दोनवर नेली की ते आपल्या सवयीच्या पांढऱ्या चारमध्ये वाजवतील आणि आवाज पांढऱ्या पाचचा निघेल. मंडळींना एफ मध्येच गायचे असेल, तर तुमची चाल जी मध्ये संपू द्या, दोन श्वास थांबा आणि मग गीत एफ मध्ये सुरू करा. तिन्ही तारा एकेक सूर उतरवून तीच बोटे एफ मध्ये वापरण्याची युक्तीही आहे, परंतु ढिली तार लडबडते आणि त्याच वाद्यावर लगेच पुढची उपासना वाजवायची असल्यास पुन्हा तारा चढवत बसावे लागते. मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी बेस गिटार शिकते. मी स्वतः गाते आणि घरी हार्मोनियम आहे. ती जी तारेवर चौथ्या फ्रेटजवळ जो बी हा स्वर हार्मोनिकने काढते, तो हार्मोनियमच्या स्वराहून मला किंचित उतरलेला वाटतो आणि मोबाइलवरचा ट्यूनरही तेच दाखवतो. बाकी सगळे स्वर जुळतात. दुकानदाराने ब्रिजवरचे स्क्रू फिरवून दुरुस्ती करावी लागेल असे सांगितले आहे. वाद्यात दोष आहे का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : वाद्यात दोष नाही आणि तुमच्या कानातही नाही. दुरुस्तीचे पैसे वाचवा. ब्रिजवरचे स्क्रू फिरवून दाबलेल्या स्वरांची जुळणी सुधारते. तारेच्या भागांतून निघणारे स्वर मात्र मोकळ्या तारेच्या ठरावीक पटीतच राहतात, स्क्रू कुठेही असोत. मोकळी जी सुरात असेल तर तिचा पाचपट स्वर ४९० हर्ट्झचा येणार. कीबोर्ड आणि आजची बहुतेक हार्मोनियम सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेली असतात आणि त्यांचा बी ४९३.९ हर्ट्झचा असतो. फरक सुमारे १४ सेंटचा.

तुम्ही गाता, म्हणून तुम्हाला हे अधिक सोप्या वाटेने सांगता येईल. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच : तारेच्या पाच भागांचा स्वर. षड्जावर गंधार लावताना तुमचा गळा नकळत तिकडेच झुकतो आणि हार्मोनियमचा गंधार चढा वाटतो, ही गायकांची जुनी तक्रार आहेच. तुमच्या मुलीने बेसवर तोच गंधार शोधला आहे. तारेच्या तीन आणि सहा भागांतून निघणारा पंचम हार्मोनियमपेक्षा जेमतेम दोन सेंट चढा असतो, म्हणून तो तुम्हाला जुळलेला वाटला.

ती एकटी वाजवत असेल तर त्या गंधाराला हात लावू नका. त्याच्यामुळेच त्या चालीला गोडवा येतो. कीबोर्डची साथ असेल तर साथीदाराला सांगा की त्याने जी स्वरावरच्या कॉर्डमध्ये बी घेऊ नये, केवळ जी आणि डी धरून ठेवावेत. गंधार एकाच वाद्यात असला की भांडणच उरत नाही. तारा लावतानाही हे ध्यानात असू द्या : खालच्या तारेचा पाचव्या फ्रेटवरचा आणि वरच्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक जुळवून तारा लावण्याची जी रीत मी मागील अंकात सांगितली, तिच्यात प्रत्येक जोडीमागे दोन सेंट आणि तीन जोड्यांत मिळून सहा सेंटची तूट साठते. कीबोर्डसोबत बसायचे असेल तर चारही तारा ट्यूनरवर स्वतंत्र लावाव्यात, हे तेव्हाच सांगायला हवे होते.

प्रश्न : इंग्रजी गीताबद्दलची आपली तयारी मी एका मित्राकडून ऐकली. आमच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली मराठी गीते, विशेषतः रेव्हरंड टिळकांची, जास्त गायली जातात. ती अशी वाजवता येतील का? मध्यम येणार असेल तर काय करावे? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेला अभंग, ओवी आणि भजनाचे वळण दिले, ते पाश्चात्त्य चालींचे नुसते मराठीकरण आपल्या माणसांच्या गळ्यात बसत नाही हे ओळखून. त्यामुळे या गीतांना एक सरसकट उत्तर देता येत नाही. शिवाय एकच गीत दोन मंडळ्यांत दोन चालींनी गायले जाते. तुमच्याकडच्या चालीचे स्वर आधी सरगमीत लिहून काढा आणि मग पुढचा हिशेब लावा.

मध्यम हवा असेल तर षड्ज जी वरून हलवून डी वर, म्हणजे पांढऱ्या दोनवर न्या. मग डी हा सा, ई हा रे, डी तारेच्या पाच भागांतला एफ शार्प हा ग, जी हा शुद्ध मध्यम, ए हा प आणि बी हा ध. वरचा डी म्हणजे तार षड्जही मिळतो. उणा राहतो तो केवळ वरचा शुद्ध निषाद, सी शार्प. तो खालच्या सप्तकात मात्र ए तारेवर चौथ्या फ्रेटच्या अलीकडे आहे. म्हणजे ज्या चालीत निषाद केवळ मंद्रात, षड्जाला लागून येतो, अशी शुद्ध स्वरांची कितीतरी भजने या जागी बसतात. कोमल रे किंवा कोमल ध मागणारी, भैरवीच्या अंगाची चाल असेल तर आग्रह सोडावा. मूर्च्छनेचा अभ्यास असलेल्या वाचकांनी एक गोष्ट हेरली असेल : कोपरीच्या वाचकाला दिलेले तेच पाच स्वर डी पासून मोजले की दुर्गा रागाचे होतात आणि ई पासून मोजले की धानी रागाचे. म्हणजे बोटे न हलवता तीन वेगळ्या रंगांच्या चाली हाताशी आल्या.

एखादाच स्वर अडत असेल तर तो उसना घेता येतो. समजा जी पट्टीत एकदाच सी हवा आहे. जी तार पाचव्या फ्रेटवर दाबा; उरलेल्या तारेचा ब्रिजकडून चौथा हिस्सा ३४ इंची बेसवर ब्रिजपासून सुमारे ६.४ इंचांवर येतो. तिथे उजव्या अंगठ्याची कड टेकवून त्याच हाताच्या मधल्या बोटाने अंगठ्याच्या मागे, ब्रिजच्या बाजूला तार छेडली की ५२३ हर्ट्झचा सुरेल सी मिळतो. ही कसरत साधायला महिना-दोन महिने लागतात. बेसवादक जॅको पास्टोरियसने १९७६ च्या आपल्या पहिल्या एकल ध्वनिमुद्रिकेत ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना बहुतांशी हार्मोनिक्सवर उभी केली आहे; ती शांतपणे ऐका, म्हणजे या वाद्यातून किती काय निघू शकते याचा अंदाज येईल. पण उपासनेत वाजवताना मी नेहमी असा सल्ला देतो की जिथे स्वर उसना घ्यावा लागतो तिथे तो सरळ दाबून वाजवावा, अथवा ती ओळ मंडळींना गाऊ द्यावी.

प्रश्न : माझा बेस लहान, ३० इंची तारेचा आहे आणि त्याच्या तारा दोन पावसाळे जुन्या आहेत. त्यावर हे सगळे जमेल का? फ्रेटच्या जागा बदलतील का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : जमेल, पण तारा आधी बदला. खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या तारेच्या वेटोळ्यांत घाम, मळ आणि गंज बसलेला असतो. दाबलेला स्वर अशा तारेवर गोल आणि मऊ ऐकू येतो, कित्येकांना तो आवडतोही, पण पाच आणि सहा भागांची कंपने तिच्यातून उमटता उमटताच विझतात. गुळगुळीत पृष्ठभागाच्या तारा टाळा, साध्या वेटोळ्यांच्या घ्या आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा. फ्रेटच्या तुलनेत बोटाच्या जागा त्याच राहतात, कारण सगळा हिशेब अपूर्णांकांचा आहे. मिलिमीटर तेवढे थोडे आक्रसतात. किंबहुना मोजपट्टी लावताना तुमचे काम कोपरीच्या वाचकाहून सोपे आहे : ३० इंचांचा चौथा हिस्सा साडेसात, पाचवा सहा आणि सहावा बरोबर पाच इंचांवर येतो.